साडूची चाळीस माणसं

सासूबाईंनी घरी आलेल्या पाहुण्यांना दोन्ही जावयांची ओळख करून दिली ती अशी: "हा थोरला जावई, कुंचोरो. याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. आणि हा धाकटा, विबिसोनो. हाही कॉम्प्युटरवर बसतो."

कुंचोरोच्या हाताखाली माणसं 'आहेत' आणि विबिसोनो नुसता 'बसतो'! त्याच्या तोंडात त्या वेळी केळीच्या पानातला भाताचा लेम्पर होता. तो खालीही जाईना आणि वरही येईना. पाहुणे कुंचोरोकडे वळले ते जेवण होईपर्यंत विबिसोनोकडे फिरकले नाहीत.

तसं पाहिलं तर विबिसोनोचं वाईट काहीच चाललं नव्हतं. सुराबायाच्या रुंगकुट भागातल्या एका वसाहतीत, भाड्याने घेतलेल्या दुमजली घरात त्याचं ऑफिस होतं. बेटाबेटांवर जाणाऱ्या जहाजांची तिकिटं विकणारा प्रोग्रॅम तिथे तयार होई. हाताखाली सहा जण. प्रोग्रॅम इतका बिनबोभाट चाले की कोणाचा तक्रारीचा फोन येत नसे, कोणी शिव्या देत नसे. आणि दुखणं तेच होतं. बिनबोभाट चालणाऱ्या गोष्टीची चौकशी सासरी कोण करणार?

कुंचोरो त्याच शहरात, काचेच्या इमारतीत, फोनवरून कर्ज देणाऱ्या कंपनीत होता. वयाने तो विबिसोनोपेक्षा दोन महिन्यांनी लहान. पण बायको थोरली बहीण, त्यामुळे विबिसोनोला त्याला आदराने 'मास कुन', म्हणजे दादा, म्हणावं लागे, आणि तो विबिसोनोला खुशाल 'दिक' म्हणे, म्हणजे धाकट्या. बरं, माणूस आगाऊ असता, खोटा असता, तरी विबिसोनोची सोय झाली असती. पण कुंचोरो मनाने चांगला होता. कोणाचंही नाव एकदा ऐकलं की विसरत नसे. लोकांना हसवी. सासूबाईंचे पाय दुखले की तेल आणून देई. अशा माणसावर जळायचं म्हणजे सगळा जाळ आपल्याच पोटात ठेवावा लागतो.

त्याच आठवड्यात कुंचोरोने ब्रोमोच्या डोंगरावर आपल्या माणसांचा फोटो काढला. चाळीसही जण एका रंगाच्या सदऱ्यांत, कंपनीच्या नावाच्या पहिल्या अक्षरासारखे उभे, आणि फोटो आकाशातून घेतलेला. विबिसोनोने तो इतक्या वेळा पाहिला की बायको लारासाती शेवटी म्हणाली, "अहो, मग तुम्हीही काढा की असा फोटो."

"सहा जणांचा? अक्षर कुठलं होणार त्यात? फार तर स्वल्पविराम होईल."

आणि अशा मनःस्थितीत असतानाच मालकांनी त्याला बोलावलं.

मालक को लियेम हे सगळे महत्त्वाचे निर्णय जेवताना घेत. सिंगापूरच्या कोणा गुंतवणूकदाराने त्यांना 'तुम्ही वाढणार कधी?' असं विचारलं होतं. नूडल्स गुंडाळत ते म्हणाले, "विबी, आणखी किती माणसं लागतील?"

खरं उत्तर 'एक' असं होतं. गालुह ही त्याची पहिल्या दिवसापासूनची प्रोग्रॅमर, तिने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "मास, एक माणूस द्या. चौकशीचे फोन उचलायला." पण विबिसोनोच्या डोळ्यांपुढे ब्रोमोचा डोंगर होता.

"वीस," तो म्हणाला.

को लियेमनी सूप पिऊन वाडगा खाली ठेवला आणि मान डोलावली. झालं! एवढ्यात आयुष्य बदलतं हे माहीत असतं तर विबिसोनोने तीस सांगितले असते.

बातमी वसाहतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या बू ताटिक ऑफिसला दुपारचं रावोन पुरवायच्या. काळ्या रश्श्याचं पातेलं टेबलावर आदळत त्या म्हणाल्या, "माणसं घेणार म्हणे. एक लक्षात ठेवा, जेवणारी घ्या. ज्याला भूक नाही त्याचं कामात लक्ष नाही. माझा भाचा आहे. कॉम्प्युटरचं सगळं येतं त्याला. परवा माझा फोन बंद पडला, त्यानेच चालू केला."

"बंद कसा पडला होता?"

"त्यानेच पाडला होता. पण चालू केला की नाही?"

गल्लीचे प्रमुख पाक दार्मो हे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने गल्लीच्या प्रमुखाला वर्दी द्यावी असा नियम फाटकावरच रंगवलेला होता. "सहा जण होते तोवर मी काणाडोळा केला," पाक दार्मो म्हणाले. "वीस म्हणजे वस्ती झाली. प्रत्येकाला माझ्यापुढे उभा करा." त्यामुळे नव्या माणसाची निवड आधी विबिसोनो करी आणि मग त्याला पाक दार्मोंच्या ओसरीवर दुसरी मुलाखत द्यावी लागे. ती जास्त अवघड असे. एका हुशार मुलाला त्यांनी पाठीत बाक आहे म्हणून जवळजवळ नापास केलं होतं.

मुलाखतींनी मात्र कहर केला. जुने सहाही जण दिवसभर मुलाखती घेत बसले, म्हणून काम तुंबलं. काम तुंबलं हे पाहून विबिसोनोने को लियेमना ठामपणे सांगितलं, "बघा, माणसं कमी पडताहेत." इतका बिनतोड पुरावा त्याला आयुष्यात आधी कधी मिळाला नव्हता.

माणसं आली. खुर्च्या आल्या नाहीत. खुर्च्यांचा दुकानदार आज देतो, उद्या देतो करत राहिला, तेव्हा पाक दार्मोंनीच गल्लीच्या मांडववाल्याकडून लग्नातल्या खुर्च्या आणवल्या. पांढरे अभ्रे, पाठीला सोनेरी रिबिनीची फुलं. एखाद्या वऱ्हाडाने जेवणाआधी कॉम्प्युटर उघडून बसावं तसे ते वीस जण दिसत. विजेचं तर विचारू नका. वरच्या मजल्यावरचा एसी आणि भाताचा कुकर एकाच वेळी लावला की सगळं घर अंधारात जाई. वीज कंपनीत गेल्यावर कळलं की हे घर राहण्यासाठी नोंदलेलं आहे, आणि राहणाऱ्या माणसाला इतकी वीज कशाला लागते हे आधी लेखी कळवावं. तोवर गार हवा हवी की गरम भात, हे रोज हात वर करून ठरे. दर वेळी भात जिंके.

विबिसोनोला याचं काही वाटत नव्हतं. सासरी गेल्यावर तो आता बोलता बोलता सहज म्हणे, "आमच्या सव्वीस जणांचं असं झालंय ना, इबू..." सासूबाईंना दोघेही जावई इबू, म्हणजे आईच म्हणत. इबू मान हलवून म्हणायच्या, "हो का? छान." आणि मग, "कुंचोरोची चाळीसच आहेत ना अजून?"

अजून चौदा! हा आकडा त्याच्या डोक्यात डासासारखा गुणगुणत राही.

सहा जण होते तेव्हा रोज सकाळी सगळे उभ्याउभ्या कोणी काय करतंय ते सांगत. केळ्याची भजी संपायच्या आत मीटिंग संपे. आता सव्वीस जण घरात मावेनात, म्हणून ती अंगणात भरू लागली. शेवटच्याची पाळी येईपर्यंत पहिल्याचे पाय दुखून तो खाली बसलेला असे. गल्ली हे सगळं कुंपणावरून पाहत होती. एके सकाळी पाक दार्मो गल्लीतल्या दोन ज्येष्ठांना घेऊन आले. बसायला दिलेल्या लग्नाच्या खुर्च्यांवर ते बसले नाहीत.

"पाक विबी, तुम्ही रोज सकाळी गोल उभे राहता," पाक दार्मोंनी सुरुवात केली.

"हो."

"मग एकेक जण आपण काल काय केलं ते सगळ्यांसमोर कबूल करतो."

"कबूल म्हणजे, सांगतो."

"मग आपल्या वाटेत काय आडवं आलंय ते सांगतो."

"हो, पण ते—"

"आणि मग तुम्ही म्हणता, 'मी दूर करतो.'"

विबिसोनोने मान डोलावली. शब्द न् शब्द खरा होता.

"तुम्ही गुरू कधीपासून झालात?" पाक दार्मोंनी अगदी हळू विचारलं. "पंथ काढायला आमची ना नाही. पण परवानगी लागते."

हा पंथ नसून कामाची पद्धत आहे आणि साऱ्या जगात चालते, असं विबिसोनोने परोपरीने सांगितलं. साऱ्या जगात चालते म्हटल्यावर संशय आणखी वाढला. शेवटी तडजोड अशी निघाली की गल्लीतले एक ज्येष्ठ, एम्बाह जोयो, रोज मीटिंगला हजर राहतील. ते राहिलेही. आणि गोलात उभं राहिल्यावर पाळी आली म्हणून त्यांनीही आपल्या वाटेत काय आडवं आलंय ते सांगायला सुरुवात केली: गुडघा, शेजाऱ्याचा कोंबडा आणि सून. सगळ्या मीटिंगमध्ये मन लावून ऐकला जाणारा भाग तेवढाच होता.

सव्वीस जणांकडे एकट्याने पाहणं अशक्य झालं तेव्हा विबिसोनोने तीन गट पाडले आणि प्रत्येकाला प्रमुख नेमला. पहिल्या गटाची प्रमुख गालुह. विबिसोनोला वाटलं होतं, ती आभार मानील. आठवडाभराने ती त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मास, मला एक माणूस हवा होता."

"तुला सात दिलेत!"

"तेच म्हणतेय. आधी माझ्याकडे काम होतं. आता माझ्याकडे माणसं आहेत. एक ओळ लिहिली नाही आठवड्यात. तिसऱ्या गटात काय चाललंय तेही मला माहीत नाही."

"ते त्यांचे प्रमुख बघतील," विबिसोनो म्हणाला. हे वाक्य त्याने कुंचोरोच्या तोंडून ऐकलं होतं आणि कधीतरी आपणही म्हणू अशी त्याला फार इच्छा होती.

तिसऱ्या गटात काय चाललं होतं? गालुहच्या गटात चाललं होतं तेच. जहाजवाल्यांना हवं होतं की कोणी तिकीट रद्द केलं तर ती जागा आपोआप पुन्हा विक्रीला निघावी. पहिल्या गटाने ते केलं. तिसऱ्या गटानेही केलं. दोन्ही कामं चोख झाली, दोन्ही एकदमच सुरू झाली. आणि एका माणसाने एक तिकीट रद्द केलं की एका जागेच्या दोन जागा होऊ लागल्या.

एरवी हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण एरवी जहाजं भरत नाहीत. पण लेबारानची ईद झाली, सुट्टी संपली आणि समुद्रापलीकडे कालिमंतानला कामावर परतणारी सगळी माणसं एकदम निघाली. त्यातच इबूंना भाच्याच्या लग्नाला तिकडेच, बंजारमासिनला जायचं होतं. जहाजात जागा नाही असं कळल्यावर विबिसोनोने छाती पुढे काढून सांगितलं, "इबू, प्रोग्रॅम आपलाच आहे!" आणि रद्द झालेली एक छान खालची खाट त्याने त्यांच्यासाठी मिळवली. कुंचोरोला हे जमलं नसतं. कर्ज देणारा माणूस खाट कुठून देणार?

बंदरावर इबूंना सोडायला दोघेही जावई गेले. इबू वर गेल्या आणि थोड्याच वेळात कठड्याशी येऊन ओरडल्या, "विबी! माझ्या खाटेवर बाई आहे!"

मार्तापुराची एक खमकी आजी त्याच खाटेवर मांडी ठोकून बसली होती. तिच्याही तिकिटावर तोच आकडा. विबिसोनो तोंड उघडणार तोच पलीकडच्या रांगेतून तसाच आरडाओरडा ऐकू आला. मग त्याच्या पलीकडून. धक्क्यावर हातात तिकीट घेतलेल्यांचे दोन दोन संच होते, आणि सगळे खरे होते.

विबिसोनोने घाबरून सगळ्या ऑफिसला बोलावलं. सव्वीसच्या सव्वीस जण मोटरसायकलींवरून आले. पण आल्यावर करायचं काय? सगळे त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले. सवयच लागली होती.

"इकडे ये रे," विबिसोनो एका उंच मुलाला म्हणाला, "सेनो, तू त्या रांगेत—"

"मी सेनो नाही, मास. सेनो तो."

दुसऱ्याचंही चुकलं. तिसऱ्याला त्याने नुसतं "तू" म्हटलं. विसांतल्या निम्म्यांची नावं त्याला येत नव्हती. त्यांची नावं पाक दार्मोंना पाठ होती.

गालुहने आपले जुने पाच जण घेतले आणि ती जहाजाच्या अधिकाऱ्याशेजारी एका बाकावर जाऊन बसली. आधी तिने रद्द झालेल्या जागांची विक्री बंद केली, मग कोणाचं तिकीट आधीचं ते काढू लागली. उरले ते वीस जण उभेच. आणि तेवढ्यात विबिसोनोला मागून ओळखीचा आवाज ऐकू आला.

"काय नाव तुझं? यूडो? छान. यूडो, या म्हातारबाबांना सावलीत बसव. तू? विदी? विदी, पाणी आण बरं. आणि तुम्ही तिघं, ओझी उचला. हसून उचला! ओझं तेवढंच असतं, पण समोरच्याला हलकं वाटतं."

निळ्या शर्टाच्या बाह्या वर सारून कुंचोरो कामाला लागला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण विबिसोनोची माणसं त्याचं ऐकत होती, हसत होती, पळत होती. गेल्या कित्येक महिन्यांत ती विबिसोनोसाठी अशी पळाली नव्हती. चिडलेले प्रवासीही त्यालाच मालक समजून तक्रारी सांगत होते आणि सांगून झाल्यावर त्याचेच आभार मानत होते. विबिसोनोच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओरडून सांगावंसं वाटलं: ही माझी माणसं आहेत! मी निवडलीत! खुर्च्या मांडववाल्याच्या असतील, पण माणसं माझी आहेत!

इतक्यात वरून इबू म्हणाल्या, "कुंचोरो, माझी पेटी खालीच राहिली रे!"

कुंचोरोने पेटीचा एक कान धरला. विबिसोनोने धावत येऊन दुसरा धरला.

"असू दे दिक, मी नेतो."

"नको मास कुन, मी नेतो. जहाज माझं आहे."

"अरे, पण तुझं इतकं काम पडलंय—"

"माझं काम मला माहीत आहे!"

पेटी पुठ्ठ्याची होती, सुतळीने बांधलेली. दोन जावयांची ओढाताण सोसायला ती काही केली नव्हती. मधोमध फाटली. सिदोआर्जोचे धुरावलेले बांदेंग मासे आणि कोळंबीचे पापड धक्क्यावर पसरले, आणि तोवर कुठे दडून होती कोण जाणे, पण बंदरावरची झाडून सगळी मांजरं गोळा झाली. दोघे साडू गुडघ्यांवर बसून मांजरांशी झटापट करू लागले. इबू कठड्यावरून पाहत होत्या. मार्तापुराची आजीही खाट सोडून त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

"जावई का तुमचे?" तिने विचारलं.

"हो," इबू म्हणाल्या. "दोघेही कॉम्प्युटरवर बसतात."

संध्याकाळपर्यंत गालुहने गाठी सोडवल्या. ज्यांचं तिकीट नंतरचं, त्यांना पुढच्या जहाजाची जागा मिळाली, काहींची सोय जहाजाच्या नमाजघरात झाली. इबूंचं तिकीट नंतरचं निघालं. पण त्या दोघी म्हाताऱ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं: वाचलेले मासे दोघींत अर्धे आणि खाटही आळीपाळीने. जहाज सुटलं तेव्हा को लियेमही येऊन पोचले होते. वाटेत घेतलेला भाताचा लोंतोंग खात, ते बराच वेळ धक्क्याकडे पाहत होते.

सोमवारी त्यांनी विबिसोनोला बोलावलं. नोकरी जाणार या तयारीनेच तो गेला.

"विबी, बंदरावर निळ्या शर्टातला एक माणूस होता. तो आपल्या कुठल्या गटातला?"

"कुठल्याच नाही. तो माझा साडू."

"येईल का आपल्याकडे? या माणसांना तसा कोणीतरी हवाय. तू तिकिटांचं बघ. तिकिटं तुलाच कळतात. तुझे जुने सहा जण घे आणि तेवढंच बघ."

को लियेमना वाटलं, आपण कौतुक केलं. विबिसोनोला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. 'तो नाही यायचा' एवढं म्हटलं की प्रकरण संपलं असतं. घरी जाताना ते वाक्य त्याने कितीदा तरी घोळवून पाहिलं. दर वेळी ते छान जमलं. लारासातीला त्याने सगळं सांगितलं. ती चहा गाळत म्हणाली, "नका विचारू भावजींना. त्या पोरांची नावं तुम्ही पाठ करा की मग."

त्याने प्रयत्न केला. अकरा आली. त्यातही एक बहुतेक एम्बाह जोयोंच्या नातवाचं होतं.

मग त्याने फोन लावला. कुंचोरोने आधी सगळं ऐकून घेतलं.

"दिक, तुला चालेल?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "न चालायला काय झालं?" तो म्हणाला. आवाज नको तितका वर गेला.

"खरं सांगू का?" कुंचोरो म्हणाला. "आमची कंपनी सगळं जकार्ताला हलवतेय. इबूंना सोडून जायला ही तयार नाही. तुझ्याकडे काही आहे का विचारायचं होतं. पण लाज वाटत होती."

पुढच्या महिन्यात कुंचोरो आला. त्याने गट मोडून पुन्हा जोडले. कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लिहायला लावलं. पाक दार्मोंशी बोलून वीज आणि खुर्च्या दोन्ही मार्गी लावल्या. पाक दार्मो आता त्याच्याकडे कॉफी प्यायला येतात. बू ताटिकच्या भाच्याला त्याने फोन उचलायला ठेवलं आणि तो ते काम झकास करतो.

विबिसोनो खालच्या मजल्यावर, मागच्या खोलीत, जुन्या सहा जणांबरोबर बसतो. कितीतरी महिन्यांनी त्याने स्वतः प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि पहिल्याच दिवशी जेवायची वेळ कधी होऊन गेली ते त्याला कळलं नाही. रावोन गार झालं म्हणून बू ताटिक रागावल्या. गालुह कामात असली की गुणगुणते हे तो विसरूनच गेला होता. तिकिटं पुन्हा बिनबोभाट विकली जाऊ लागली. कोणाचा तक्रारीचा फोन येत नाही.

फक्त सकाळची मीटिंग अजून अंगणात होते. एकदा कामात छान तंद्री लागलेली असताना बाहेरून हशाचा लोट आला. विबिसोनो तणतणत खिडकी लावायला उठला. बाहेर कुंचोरो मधोमध उभा राहून काहीतरी सांगत होता आणि एम्बाह जोयो काठीवर वाकून हसत होते. विबिसोनोने खिडकीच्या कडीला हात घातला आणि शेवटपर्यंत ऐकून मगच खिडकी लावली. जागेवर येऊन बसला. गालुहने विचारलं, "काय झालं, मास?"

"काही नाही," तो म्हणाला.

विनोद खरोखरच चांगला होता. बाकी सगळं त्याने कुंचोरोला केव्हाच माफ करून टाकलं होतं. तेवढं मात्र अजून जमत नव्हतं.